फिल्टरचा पंचनामा

गाडीच्या इंजिनाची तब्येत ओळखण्याच्या आपल्याकडच्या रूढ पद्धतींत शास्त्र थोडं आणि आविर्भाव फार. बॉनेट उघडायचं, एक हात कमरेवर ठेवायचा, मान तिरकी करायची, डोळे अर्धवट मिटायचे आणि ‘आवाज स्मूथ आहे’ असा निकाल द्यायचा, ही एक पद्धत. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून मग तो हुंगायचा, ही दुसरी. तिच्यातून तळहाताला वास येतो याखेरीज काय निष्पन्न होतं ते हुंगणाऱ्यालाच ठाऊक. सगळ्यांत मान आहे तो डिपस्टिकच्या परीक्षेला. पट्टी बाहेर ओढायची, टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळायचा, बोटं उजेडाकडे धरायची आणि ‘ऑइल काळं पडलंय’ असं जाहीर करायचं. डिझेल गाडीच्या बाबतीत हा शोध खास निरुपयोगी असतो. डिझेलच्या ज्वलनातली काजळी इतकी बारीक असते की ती फिल्टरमधून सहज पार होते, आणि नवंकोरं तेल घालून गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत नेली तरी ते काळवंडतं. काजळीला तेलात तरंगत ठेवणं, तिचा गाळ साचू न देणं हे तर तेलात मुद्दाम घातलेल्या रसायनांचं कामच आहे. म्हणजे काळं तेल हे बहुधा कामसू तेल असतं. तरीही बोटं चोळली जातात, माना डोलावल्या जातात, शनिवारी बंपरला ताजी लिंबू-मिरची बांधली जाते आणि इंजिनाची काळजी घेतल्याचं समाधान सगळ्यांना मिळतं. मग सर्व्हिसिंगच्या दिवशी मेकॅनिक गाडीखाली शिरतो, ऑइल फिल्टर पिळून सोडवतो आणि तो टपटपता डबा न बघताच कोपऱ्यातल्या भंगारात भिरकावतो. मालक त्या वेळी काचेपलीकडे बसून मशीनची कॉफी पीत, डॅशबोर्डवर ठेवायचा पर्फ्यूम लिंबाच्या वासाचा घ्यावा की चंदनाच्या, याचा निर्णय करत असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की भंगारात पडलेला तो डबा उघडावा. इंजिनाबद्दल बोलणाऱ्या सगळ्यांत तो एकटाच असा साक्षीदार आहे की ज्याला खोटं बोलून काही मिळत नाही. मीटर मागे फिरवता येतं. सर्व्हिस बुकावर शिक्के पडतात, आणि शिक्का पडला म्हणजे काम झालं असं समजायला आपण सरकारी कचेऱ्यांतच शिकलेलो आहोत. विकणाऱ्याला गाडी विकायची असते, मेकॅनिकला काम हवं असतं, सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराला महिन्याचं टार्गेट गाठायचं असतं, आणि मालकाला तर आपण घेतलेली गाडी चांगलीच आहे असं स्वतःलाच पटवून द्यायचं असतं. हा शेवटचा साक्षीदार सगळ्यांत अविश्वसनीय. फिल्टरला कमिशन नाही, टार्गेट नाही, अभिमान नाही. वर्षभर, किंवा दहा हजार किलोमीटर, त्याच्यापुढून जे गेलं त्यातलं जाडंभरडं त्याने अडवून ठेवलं आहे. कोणी विचारलं तर तो दाखवेल. आजवर कोणी विचारलेलं नाही, म्हणूनच त्याला कोणी पढवलेलंही नाही.

या साक्षीदाराची लायकी आधी तपासली पाहिजे. मोटारीला फिल्टर असायलाच हवा, असं सुरुवातीला कोणाला वाटत नव्हतं. १९०८ ते १९२७ अशी एकोणीस वर्षं दीड कोटींवर खपलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला तेलाचा पंपही नव्हता आणि फिल्टरही नव्हता. तेल आपलं आतल्या आत उडत, ओघळत सगळीकडे पोचायचं. १९२३ च्या सुमाराला अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांचा प्युरोलेटर आला आणि तेल गाळण्याची प्रथा पडली. आजच्या गाडीत इंजिनाच्या तळच्या चेंबरमधलं तेल पंप ओढतो आणि ते बेअरिंगांकडे जाण्याआधी सगळंच्या सगळं फिल्टरमधून जातं. धावत्या इंजिनात तेच तीन-चार लिटर तेल दर मिनिटाला अनेक वेळा या चौकीवरून फिरतं. फिल्टरच्या तळाशी कडेने जी छोटी भोकं असतात त्यांतून ते आत शिरतं, घड्या घातलेल्या कागदाच्या बाहेरच्या अंगाकडून आतल्या अंगाला जातं आणि मधल्या आट्यांच्या भोकातून बाहेर पडतं. जे अडायचं ते घड्यांच्या बाहेरच्या बाजूला अडतं. साधारण वीस-पंचवीस मायक्रॉनपेक्षा मोठे बहुतेक कण तिथे थांबतात. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाडीचा धरला तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. क्रँक आणि त्याचं बेअरिंग यांच्यातली फट याच घरातली असते, त्यामुळे यापेक्षा मोठा कण तिथे पोचला तर तो चरे पाडल्याशिवाय बाहेर येत नाही. थोडक्यात, इंजिनाला ज्याची भीती बाळगायला हवी नेमकं तेच फिल्टरच्या घड्यांत बसलेलं असतं. आपण मात्र ज्याची भीती बाळगायचं कारण नाही ती काजळी बोटांवर घेऊन चोळत बसतो.

हे सगळं रिकामटेकड्यांचं खूळ आहे, असं कोणाला वाटलं तर त्याने विमानांकडे पाहावं. बारामतीच्या आकाशात शिकाऊ वैमानिकांना घेऊन जी सेसना १७२ घिरट्या घालते, तिच्या नाकात लायकमिंग कंपनीचं चार सिलिंडरांचं पिस्टन इंजिन असतं. रचनेने ते आपल्या गाडीच्या इंजिनाचं जुन्या वळणाचं भावंड. लायकमिंगचा सर्व्हिस बुलेटिन क्रमांक ४८० सांगतो की फुल-फ्लो, म्हणजे सगळंच तेल गाळणारा, फिल्टर असलेल्या इंजिनात दर ५० तासांनी, किंवा चार महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, तेल आणि फिल्टर बदलायचे. आणि काढलेला फिल्टर कापून, उलगडून, तपासायचा. काय सापडलं तर काय करायचं याचंही कंपनीचं मार्गदर्शन आहे आणि ते वाचण्यासारखं आहे. चमकीचे चार-दोन कण दिसले तर उडवा, पंचवीस तासांनी पुन्हा बघा. पंचेचाळीस ते साठ बारीक तुकडे निघाले तर साफ करा, नवं तेल भरा, इंजिन जमिनीवर चालवा, पुन्हा उघडून बघा. मोडलेल्या पेन्सिलीच्या शिसाएवढा तुकडा निघाला तर प्रकरण गंभीर. आणि अर्धा चहाचा चमचा भरेल इतका धातू निघाला तर बहुधा इंजिन उतरवायची वेळ आली. विमानविद्येसारख्या काटेकोर शास्त्राने इंजिनाचा मृत्युलेख चहाच्या चमच्याने मोजावा, ही गोष्ट मला फार आवडते. हेलिकॉप्टरवाले तर पुढच्या फिल्टरबदलापर्यंत थांबायलाही तयार नसतात. त्यांच्या गिअरबॉक्समध्ये चुंबकाचा प्लग असतो, त्याच्या दोन टोकांना लोखंडाच्या चुऱ्याने जोडलं की वैमानिकापुढे दिवा लागतो आणि तो उतरायला जागा शोधू लागतो. म्हणजे इंजिन बिघडलं तर ज्यांना रस्त्याच्या कडेला थांबून फोन लावायची सोय नाही, ती सगळी माणसं तेलातला चुरा बघतात. आपल्याला ती सोय आहे, म्हणून आपण आवाज ऐकतो.

आता प्रत्यक्ष उघडण्याविषयी. इथेच बहुतेक उत्साही माणसं पुरावा नष्ट करतात. घरात करवत असते, म्हणून ते करवतीने डबा कापतात. काही जण ग्राइंडर लावतात, तेलाने निथळत्या डब्याला ठिणग्या दाखवतात आणि वाचतात. मग कापलेला डबा उघडून आत पाहतात तर लोखंडाचा लखलखता चुरा! ‘इंजिन गेलं!’ अशी बोंब उठते. तो चुरा अर्थातच त्यांच्याच करवतीने पाडलेला असतो. तपासासाठी आलेल्या हवालदाराच्याच बुटांचे ठसे सगळ्या घटनास्थळी सापडावेत, तशातला प्रकार. यासाठी फिल्टर कापायचं वेगळं हत्यार मिळतं; त्याची धारदार चकती डब्याच्या गळ्याभोवती हळूहळू आवळत फिरवली की पत्रा चुरा न पाडता कापला जातो. डबा त्याआधी एक रात्र उपडा ठेवून निथळवावा, नाहीतर पंचनाम्याचं अर्धं तेल पंचांच्या कपड्यांवर जातं. हातमोजे घालावेत, वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला बरं नव्हे आणि कायद्यानेही तो घातक कचरा आहे, मोरीत ओतायचा पदार्थ नाही. आतला कागद दोन्ही टोकांना कापून सोडवला की पन्नास-साठ घड्यांची एक लांबलचक पट्टी हातात येते. ती स्वच्छ भांड्यात रॉकेलने किंवा सॉल्व्हंटने खळबळून धुवावी, आणि खाली जे गढूळ द्रव उरतं ते पांढऱ्या कागदावर गाळून उन्हात बघावं. ट्यूबलाइटखाली बघू नये; तिथे सगळंच चमकतं किंवा काहीच चमकत नाही.

मग उलटतपासणी. पहिला प्रश्न चुंबक विचारतो. चिकटलं तर लोखंड किंवा पोलाद: सिलिंडर, रिंगा, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन, यांच्यापैकी कोणीतरी. न चिकटणारी रुपेरी पापुद्र्यासारखी चमकी असेल तर ॲल्युमिनियम. पिस्टन सिलिंडरला घासत असेल, किंवा बेअरिंगचा थर निघत असेल. शंका असेल तर ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात फसफसून स्वतःची ओळख देतं, पण हा प्रयोग मोकळ्या हवेत करावा आणि कुटुंबीयांना आधी कल्पना द्यावी, कारण त्यातून हायड्रोजन निघतो. तांबूस छटा दिसली तर मात्र खुर्ची ओढून बसावं. जुन्या पद्धतीच्या बेअरिंगला पोलादाची पाठ, तिच्यावर तांबं-शिसं मिश्रणाचा थर आणि त्यावर अगदी पातळ मऊ मुलामा असतो. तांबं दिसलं म्हणजे वरचा मुलामा उडाला आणि खालचा थर उघडा पडला. पण इथेही घाई नको, कारण आजच्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंग ॲल्युमिनियम-टिनची असतात. त्यांची दुर्दशा तांबूस नव्हे, करड्या रंगाची असते. काळे खडे बोटांत धरून चिरडावेत. चुरा झाला तर कार्बन, नाही झाला तर पुन्हा चुंबकाकडे. रबरासारखे लवचीक धागे म्हणजे गॅस्केट बसवताना कोणीतरी सढळ हाताने पिळलेलं सीलंट; त्यात इंजिनाचा दोष नाही, मागच्या दुरुस्तीवाल्याचा आहे. कडक प्लास्टिकच्या कपच्या निघाल्या तर टायमिंग चेनच्या गाइडकडे संशयाने बघावं. आणि घड्यांत पिवळसर-पांढरा चिकट मस्का असेल तर तेलात पाणी आहे: एक तर गाडी रोज भाजी आणण्यापुरतीच निघते आणि इंजिन नीट तापतच नाही, किंवा हेड गॅस्केटमधून कूलंट झिरपतो आहे. पहिल्यावरचा उपाय फुकट आहे, दुसऱ्यावरचा नाही.

सगळ्याच गाड्यांना एवढा खटाटोप लागत नाही. पुण्याजवळ रांजणगावला आणि उत्तरेत मानेसरला बनलेलं, मारुतीपासून टाटापर्यंत इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलेलं की लोक ज्याला ‘राष्ट्रीय डिझेल इंजिन’ म्हणू लागले, त्या फियाटच्या १.३ मल्टिजेटमध्ये फिल्टरला पत्र्याचा डबाच नाही. झाकण फिरवलं की कागदी गाभा हातात येतो. लाखो मालकांच्या डोळ्यांसमोर हा पुरावा उघडावाघडा बाहेर निघत होता आणि लाखो मालक कॉफी पीत होते. आकुर्डी-चाकणच्या पल्सरमध्येही झाकणाचे स्क्रू काढले की छोटा कागदी फिल्टर बाहेर. स्प्लेंडरमध्ये तर कागदच नाही; क्रँकच्या टोकाला गरगर फिरणारी एक वाटी तेलातले जड कण भिंतीला चिकटवून ठेवते, आणि खाली एक जाळी. ती वाटी वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही, आणि स्प्लेंडर तरीही चालते. हा माझ्या युक्तिवादाला धक्का आहे हे मान्य करून पुढे जातो.

पहिला आक्षेप हमखास येतो: तेलाचा लाल दिवा असतो की! असतो. पण तो दिवा तेलाच्या दाबावर चालतो, आणि गरम इंजिनात धावताना जो दाब दोन-चार बार असतो तो अर्ध्या बारच्या खाली घसरला की मग तो पेटतो. बेअरिंग इतकी झिजली की तेल त्यांच्या फटींतून नुसतं वाहून जातंय, अशी अवस्था आल्यावर तो तुम्हाला कळवतो. तो इशारा नव्हे, ते शोकपत्र आहे. त्यावर फक्त दहाव्याची तारीख घालायची बाकी असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा, तिथे दशलक्षात किती लोखंड, किती तांबं, किती सिलिकॉन हे आकड्यांत कळतं. हाताला तेल फासून घेण्याची गरज काय? ही पद्धत खरोखर मोठी आहे. १९४० च्या दशकात अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी ती डिझेल इंजिनांसाठी सुरू केली आणि आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही तेलाची अशी वर्णपटावरची तपासणी नेमाने होते. पण वर्णपट दाखवणाऱ्या यंत्राची एक खोड आहे: नमुन्यातले जेमतेम पाच ते दहा मायक्रॉनपर्यंतचे कणच त्याला नीट दिसतात. त्याहून मोठा कण धड जळत नाही, म्हणून मोजलाही जात नाही. हळूहळू होणारी झीज बारीक कणांत दिसते, ती हे यंत्र पकडतं. पण धातू थकून त्याचा पापुद्रा सुटला, कडा तुटली, तर तो ऐवज मोठा असतो. तो नमुन्याच्या बाटलीत येतच नाही, कारण तो आधीच फिल्टरमध्ये जाऊन बसलेला असतो. अहवालात सगळं हिरव्या रंगात ‘नॉर्मल’ आणि फिल्टरमध्ये पापुद्र्यांचा खच, असं घडू शकतं. उलटंही खरं आहे. उघड्या डोळ्याला चाळीसएक मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही, म्हणजे दहा ते चाळीस या पट्ट्यातले गुन्हेगार प्रयोगशाळा आणि मालक या दोघांच्याही हातावर तुरी देऊन मोकळे हिंडतात. सूक्ष्मदर्शक असेल तर तेही सापडतील. पण गाडीच्या फिल्टरसाठी सूक्ष्मदर्शक आणणाऱ्या माणसाच्या घरात मग इंजिनापेक्षा नाजूक प्रश्न उभे राहतात, आणि त्यांची तपासणी या लेखाच्या कक्षेबाहेर आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो यंत्राबद्दल नाही, माणसाबद्दल आहे. फिल्टर उघडणारा माणूस काहीतरी सापडावं म्हणूनच उघडतो. आणि सापडतंच! एकमेकांवर घासणाऱ्या धातूंच्या यंत्रातून चुरा अजिबात निघणार नाही, असं होतच नाही. नव्या इंजिनाच्या पहिल्या फिल्टरमध्ये तर भरपूर चमकी असते. नवे भाग एकमेकांशी जुळवून घेत असतात, कोपरे बोथट होत असतात, आणि नव्या नवलाईत तेवढी खडखड चालायचीच. ते पाहून घाबरलेला मालक कंपनीकडे धावतो, कंपनी ‘हे नॉर्मल आहे’ म्हणते, आणि कंपनी खरं बोलते आहे यावर त्याचा विश्वास बसत नाही. कारण कंपनी नेहमीच हे म्हणते. म्हणून एका फिल्टरवरून निकाल देऊ नये. पहिला फिल्टर फक्त ओळख करून देतो. दुसरा तुलना देतो. तिसऱ्यापासून बोलावं. प्रत्येकाचा फोटो त्याच जागी, त्याच उजेडात काढून, किलोमीटर लिहून ठेवावेत. कमी होत जाणारी चमकी शुभ, तेवढीच राहणारी चालण्यासारखी आणि अचानक वाढलेली वाईट. विमानवालेसुद्धा चार कणांवर इंजिन उतरवत नाहीत, पुढच्या वेळी बघू म्हणतात. ‘पुढच्या वेळी बघू’ हा आपल्याकडचा आवडता निर्णय इथे प्रथमच शास्त्रशुद्ध ठरतो, एवढंच की पुढच्या वेळी खरोखर बघावं लागतं.

याच आक्षेपाची दुसरी बाजू म्हणजे रिकामा फिल्टर. आत काही सापडलं नाही म्हणून इंजिनाला निर्दोष सोडता येत नाही. फिल्टरमध्ये एक बायपास झडप असते. कागद तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट असलं की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं, कारण इंजिनाला गढूळ तेल परवडतं, कोरडं राहणं परवडत नाही. त्या वेळात जे गेलं त्याची नोंद साक्षीदाराकडे नाही. शिवाय मोठा तुकडा चेंबरच्या तळाशीच पडून राहतो आणि पंपाच्या जाळीपर्यंतही चढत नाही. म्हणजे धातू सापडला तर त्याला बराच अर्थ आहे. नाही सापडला तर त्याला थोडा अर्थ आहे. ज्यांना प्रत्येक चाचणीकडून हो किंवा नाही हवं असतं त्यांनी फिल्टर उघडू नये, ज्योतिषाकडे जावं. तिथे दोन्ही मिळतं.

उरला तो आधुनिकतेचा आक्षेप. आजची इंजिनं सहज दोन-तीन लाख किलोमीटर चालतात, कारखाने यंत्रमानव चालवतात, मग संशय कशाला? शंभरातल्या बहुतेक फिल्टरांत काही निघणार नाही हे मला मान्य आहे आणि तसंच असावं अशी इच्छाही आहे. पण ह्युंदाईने २०१५ साली अमेरिकेत २०११ आणि २०१२ च्या सोनाटा गाड्या परत बोलावल्या, पावणेपाच लाखांच्या घरात, त्या कशासाठी? क्रँकशाफ्टमधून तेल नेणाऱ्या वाटांत कारखान्यातल्याच मशिनिंगचा चुरा राहून गेला होता आणि तो बेअरिंगचं तेल अडवत होता. २०२४ मध्ये टोयोटाने, म्हणजे ज्यांच्या नावाने बाकीचे कारखानदार निष्ठेची शपथ घेतात त्यांनी, टुंड्रा आणि लेक्ससच्या लाखभर गाड्या अमेरिकेत याच कारणासाठी परत बोलावल्या: नव्या व्ही-६ इंजिनांत मशिनिंगचा चुरा. यंत्रमानवही कोपऱ्यातला केर सोडतात तर! अशा प्रत्येक इंजिनाचा बिघाड फिल्टर उघडून आधी कळला असता असा दावा मी करणार नाही. काही बेअरिंग फार झटपट जातात. पण बेअरिंग मरताना जो ऐवज टाकते तो जातो कुठे, हे आता वाचकांना सांगायला नको. आणि काढून टाकलेला फिल्टर कापल्याने वॉरंटी जात नाही. तो तुमचाच आहे, तुम्ही त्याचे पैसे भरलेत, बिल बघा.

एवढं सगळं मान्य करूनही एक चतुर माणूस विचारतो: समजा, तांबूस चमकी निघाली, मग मी करू काय? प्रश्न रास्त आहे. विमान जमिनीवर ठेवता येतं. गाडीचं इंजिन उतरवायचा खर्च ऐकला की बेअरिंगच्या आधी मालकाचं कंबरडं मोडतं. वेळेवर कळलं तर क्रँक वाचतो, नुसत्या नव्या बेअरिंगवर भागतं, हे खरं उत्तर. पण व्यवहारात त्या ज्ञानाचा वापर काय होईल हे आपण सगळे जाणतो. फिल्टरमध्ये तांबं दिसलेली गाडी पुढच्या रविवारी विकायला निघते. आणि जाहिरातीत पहिली ओळ असते: ‘नुकतंच सर्व्हिसिंग केलंय, ऑइल आणि ऑइल फिल्टर नवीन.’ जुन्या गाड्यांच्या बाजारात हे वाक्य गुण म्हणून छापतात आणि गुण म्हणून वाचतात. त्याचा अर्थ एवढाच की विक्रीच्या तोंडावर गाडीतला एकमेव सच्चा साक्षीदार बाहेर काढण्यात आला असून त्याच्या जागी ज्याने काहीच पाहिलेलं नाही असा दुसरा बसवला आहे. शहाण्या गिऱ्हाइकाने टायरला लाथ मारण्याऐवजी विचारावं, ‘जुना फिल्टर कुठाय? तो द्या.’ नसेल तर, ‘हजार किलोमीटर चालवतो, मग दोघांसमोर नवा फिल्टर उघडू, मग पैसे.’ यावर विकणाऱ्याचा चेहरा जे सांगेल ते चुंबकापेक्षा भरवशाचं असेल.

पण गिऱ्हाईक असं विचारू लागलं की काय होईल, याचाही विचार केला पाहिजे. आज फिल्टर खरं बोलतो, कारण त्याची साक्ष कोणी मागत नाही. ती मागितली जाऊ लागली की जुन्या बाजारात निरोगी गाड्यांचे वापरलेले फिल्टर सुटे मिळू लागतील. नव्यापेक्षा महाग, डिझेलचे वेगळे, पेट्रोलचे वेगळे, आणि एकाच मालकाने वापरलेल्याला थोडी जास्त किंमत. सर्व्हिस सेंटर फिल्टर तपासणीचं पॅकेज काढेल, जीएसटी वेगळा, आणि धुऊन चकचकीत केलेल्या कोऱ्या कागदाचा फोटो लॅमिनेट करून देईल, त्यावर शिक्का. तेव्हा हा लेख वाचून झाला की शेजाऱ्याला देऊ नका. निदान त्याची गाडी घ्यायचा तुमचा विचार असेल तर मुळीच नको.